गाढवं बघायला एवढ्या लांब?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात ज्येष्ठ नागरिक गटातर्फे एका सभासदाने केलेलं भाषण. बोलण्यातला सूर तसाच ठेवून थोडं नीटनेटकं केलं आहे.)



मला कमिटीने पंधरा मिनिटं दिली आहेत. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे पस्तीस मिनिटांच्या तासाची सवय आहे. वेळ संपली की कुणीतरी ताटावर चमचा वाजवा. घंटा ऐकली की मी आपोआप थांबतो.

आपल्या ज्येष्ठ मंडळींची सहल गेल्या जानेवारीत संक्रांतीनंतर गुजरातला जाऊन आली. कच्छच्या छोट्या रणात आम्ही एक दिवस होतो. परत आल्यापासून लिफ्टमध्ये जो भेटेल तो एकच विचारतो, "काय सर, गाढवं बघायला गुजरातला गेला होता म्हणे? जेजुरीला मिळाली नाहीत का?"

तेव्हा पहिल्यांदा त्याचंच उत्तर देतो. जेजुरीला पौष पौर्णिमेला गाढवांचा बाजार भरतो, हे खरं. त्या बाजारात काठेवाडी गाढवाला गावठीपेक्षा जास्त भाव मिळतो, हेही खरं. पण ते पाळीव गाढव. त्याचे पूर्वज आफ्रिकेतले. आम्ही बघायला गेलो ते रानगाढव, गुजरातीत घुडखर. ती जातच वेगळी. त्याच्या पाठीवर आजवर कुणी ओझं टाकलेलं नाही. भारतात ते या रणात आणि त्याच्या आजूबाजूलाच उरलंय. म्हणजे जेजुरीला कितीही हेलपाटे मारले तरी ते दिसणार नाही.

सहल ठरली कशी तेही सांगतो. बी विंगमधल्या काकूंची मुलगी परदेशात असते. ती दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात फिरायला गेली आणि तिनं फोटो पाठवले. लिमा शहराच्या दक्षिणेला पाराकास म्हणून ठिकाण आहे. समुद्राला अगदी चिकटून वाळवंट आहे, आणि तिथून होडीनं थोडं आत गेलं की बायेस्तास नावाची खडकाळ बेटं आहेत. त्यावर समुद्रसिंह, पेंग्विन आणि लाखो पक्षी. काकूंनी तो फोन हळदीकुंकवाला सगळ्यांना दाखवला. झालं! ज्येष्ठ नागरिक गटाच्या पुढच्या बैठकीत मागणी आली की आपणही असं काहीतरी बघायचं. आपल्या गटाची शिल्लक बघता पेरू म्हणजे फक्त मंडईतला पेरू परवडणार! मी म्हटलं, समुद्राकाठचं वाळवंट, त्यात बेटं, बेटांवर जनावरं, असं सगळं आपल्या देशातच आहे. एका रात्रीचा रेल्वेप्रवास. सगळ्यांनी माना डोलावल्या.

खरं सांगायचं तर मी ते स्वतः कधी पाहिलं नव्हतं. तीस वर्षं भिंतीवरच्या नकाशावर छडी टेकवून पोरांना सांगितलं, "हे कच्छचं मोठं रण, हे छोटं रण." पोरं वहीत लिहून घ्यायची. एकदा एका पोरानं विचारलं, "सर, तुम्ही गेलाय का तिकडं?" मी त्याला खाली बसवलं. ते मनात राहिलं होतं.

आम्ही चौदा जण गेलो. पुण्याहून रेल्वेनं अहमदाबाद, तिथं धर्मशाळेत मुक्काम. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला टेम्पो ट्रॅव्हलर. अहमदाबादेत नुकतीच उत्तरायण झालेली, प्रत्येक झाडाला आणि विजेच्या तारेला फाटके पतंग लटकलेले. वीरमगाव मागं टाकलं, उजाडता उजाडता दसाड्याला पोचलो. चहा झाला, वनखात्याचा परवाना झाला, आणि दोन उघड्या जीपमध्ये सात-सात जण बसलो. दोन्ही जीपचे ड्रायव्हर तिथलेच, लहानपणापासून रणात वाढलेले.

गावाच्या कडेची जिऱ्याची आणि कपाशीची शेतं संपली. मग वेडी बाभूळ लागली. तिला तिकडं 'गांडो बावळ' म्हणतात, अर्थ तोच. आणि मग एकदम काहीच नाही. झाड नाही, दगड नाही, चढ नाही, उतार नाही. भेगाळलेली करडी जमीन थेट आभाळापर्यंत. आपण सह्याद्रीतली माणसं. कुठंही उभं राहिलं तरी आपल्या नजरेला एखादा डोंगर अडतो. शिवनेरी असेल, हडसर असेल, नाहीतर आणे घाटाची कड असेल. तिथं नजर अडतच नाही. तात्या जीपमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, कुणीतरी सगळं पुसून टाकलंय."

पोरांनो, आता पाच मिनिटं तास घेतो. हे वाळवंट राजस्थानसारखं वाळूचं नाही. ही समुद्राची जुनी खाडी. कच्छच्या आखाताचा एक हात पूर्वी इथवर आत आला होता. नद्यांनी गाळ आणून आणून तो भरला. आज तिथं जमीन आहे, पण समुद्राशी नातं तुटलेलं नाही. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा आखाताचं खारं पाणी सूरजबारीच्या खाडीतून आत ढकलतो, आणि दुसऱ्या बाजूनं बनास, रूपेण, सरस्वती या नद्या गोडं पाणी आणतात. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळतं आणि सगळं रण उथळ तळं होऊन जातं. त्या पाण्यात कोळंबी वाढते आणि ती धरायला मच्छीमार येतात. पावसाळा संपला की पाणी आटतं आणि खाली मीठ उरतं. म्हणजे एकच जागा चार महिने समुद्र आणि आठ महिने वाळवंट. आहे की नाही गंमत?

आता या सपाटीत मध्येमध्ये थोडी उंच जागा आहे. तिला तिकडं 'बेट'च म्हणतात. अशी सत्तरहून जास्त बेटं आहेत. सगळ्यांत मोठं पुंग बेट. वच्छराज बेटावर मंदिर आहे, लग्नाच्या मांडवातून उठून गाईंसाठी लढायला गेलेल्या वीराचं. उंची विचाराल तर, आमच्या आण्याच्या माणसानं टेकडी म्हणावं तर हसू येईल. पण तेवढ्या उंचीमुळं पावसाळ्यात पाणी वर चढत नाही. वरची माती मिठानं मरत नाही, म्हणून गवत उगवतं, खुरटी झुडपं वाढतात. पावसाळ्यात सगळ्या रणात पाणी झालं की रानगाढवं या बेटांवर येतात. त्यांची पिल्लं होतात तीही त्याच सुमाराला. तेवढी चार पुरुष उंच जमीन नसती, तर ही जात केव्हाच संपली असती.

साडेआठच्या सुमाराला पहिला कळप दिसला. लांबून आम्हाला वाटलं, पाण्यात उभी आहेत. पाय दिसेनात, खाली नुसतं चकाकणारं पाणी. काकू म्हणाल्या, "अहो, तळं आहे की!" ड्रायव्हर हसला. जीप जवळ गेली तसं तळं मागं मागं सरकत गेलं. मृगजळ हा शब्द मी फळ्यावर शंभरदा लिहिला असेल, पाहिलं ते त्या दिवशी.

कळपात अकरा जनावरं होती. बदामी अंग, पोट पांढरं, मानेवर ताठ उभी आयाळ आणि पाठीच्या कण्यावरून शेपटीपर्यंत गडद पट्टा. एक पिल्लू आईच्या आड उभं राहून आमच्याकडं बघत होतं. आमच्यात हळू बोलायची पद्धत नाही, तुम्हाला माहीतच आहे. पण त्या वेळी चौदा जण गप्प होते. मग कुणाला तरी शिंक आली आणि कळप सुटला. ताशी साठ-सत्तर किलोमीटर पळतात म्हणे. धूळ उडाली एवढंच आम्ही पाहिलं. आमच्या सौ. म्हणाल्या, "आता कुणाला गाढव म्हणताना विचार करावा लागेल."

या जनावराची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९६२ च्या सुमाराला त्यांची मोजणी झाली तेव्हा ती सुमारे ८७० होती. मग सर्रा आणि घोड्यांचे साथीचे रोग आले. १९६९ मध्ये उरली ३६२. आपल्या सोसायटीत आज जेवढी माणसं जेवायला आहेत, जवळपास तेवढीच! मग १९७२ चा वन्यजीव कायदा आला, पाठोपाठ या रणाचं अभयारण्य झालं. जवळजवळ ४,९५४ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या साधारण तिसरा हिस्सा. शिकार थांबली, जागा मोकळी राहिली. १९७६ मध्ये ती ७२० झाली. २०२० मध्ये ६,०८२. २०२४ च्या मोजणीत ७,६७२. कुणी त्यांना पिंजऱ्यात वाढवलं नाही की चारा घातला नाही. त्यांची जागा त्यांना राहू दिली.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. ड्रायव्हरचं स्वतःचं थोडं शेत रणाच्या कडेला आहे. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही फोटो काढता. आम्ही रात्री राखण करतो." संख्या वाढली तशी ही जनावरं शेतात शिरतात. हे ऐकल्यावर आम्ही सगळे एकमेकांकडं बघायला लागलो. जुन्नरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडं धरणं झाली, कालवे आले, ऊस आला, आणि उसात बिबट्या आला. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र आपल्याच तालुक्यात आहे. संध्याकाळ झाली की आपणही पोरांना घरात बोलावतो. जनावर वाचलं पाहिजे हे म्हणणं सोपं आहे. त्याची किंमत कडेला राहणारा माणूस देतो, रणात आणि आपल्याकडंही. म्हणून त्याची भरपाई वेळेत मिळाली पाहिजे, एवढं तरी आपण फोटो काढणाऱ्यांनी बोललं पाहिजे.

दुपारचं जेवण एका छोट्या बेटावर केलं. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा आणि तिळाचे लाडू. सगळं घरून नेलेलं. तिथं बसल्यावर मला आणे आठवलं.

इथं निम्मे लोक पठारावरचे आहेत. आणे, नळावणे, पेमदरा, शिंदेवाडी. आळेफाट्याहून कल्याण-नगर रस्त्यानं निघायचं, गुळुंचवाडीचा तो निसर्गानं बांधलेला दगडी पूल उजवी-डावीकडं कुठं आहे यावर गाडीत भांडायचं, घाट चढायचा, की आलं पठार. खाली कुकडीची पाच धरणं: येडगाव, वडज, माणिकडोह, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. कालव्याचं पाणी खालून नगर-सोलापूरकडं जातं. आणि आपलं पठार उंच, म्हणून कोरडं. रणातलं बेट चारी बाजूंनी खाऱ्या पाण्यात असतं, आपलं बेट चारी बाजूंनी गोड्या पाण्यात आहे आणि तरी तहानलेलं आहे. त्या उंचीनं जनावरं वाचवली, आणि आपल्याला खाली उतरवलं. पंचवीस वर्षांपूर्वी आपण ही सोसायटी काढली त्याचं खरं कारण काय होतं? शाळा, दवाखाना, बाजार हे होतंच. पण बायकांनी घरात एकच गोष्ट लावून धरली होती, "नळ पाहिजे." एवढं आठवून मी गप्प बसलो.

दुपारनंतर पक्षी पाहिले. एका पाणथळीवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग, झोळीवाले पेलिकन आणि आभाळातून कर्कश ओरडत येणारे करकोचे. हे करकोचे हिवाळ्यात मध्य आशियातून येतात. नानांनी विचारलं, "एवढ्या लांबून यांना पत्ता कसा सापडतो? मला तर सी विंगमध्ये जायचं म्हटलं तरी वॉचमनला विचारावं लागतं."

आता मुख्य गोष्ट सांगतो. चमचा घेऊन बसलेल्यांनी थोडं थांबावं.

परत निघताना आमची जीप मागं पडली. पुढची जीप नजरेआड झाली होती. वरून कोरडी दिसणारी जमीन आतून ओली असते हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ड्रायव्हरला ठाऊक होतं, पण उशीर झाला म्हणून त्यानं जवळची वाट धरली, तीही आम्हीच घाई केली म्हणून. मागची दोन्ही चाकं खचली. ढकललं, खणलं, पायपुसणं घातलं, जीप आणखी खाली. फोनला रेंज नाही. पाण्याचा मोठा कॅन दुसऱ्या जीपमध्ये. आमच्याकडं दोन बाटल्या होत्या, त्या ढकलताना संपल्या. नानांना साखरेचा त्रास, त्यांना घाम फुटला आणि डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. लाडू होते म्हणून एक तोंडात घातला, पण घशाखाली उतरवायला पाणी नाही. सात जणांत मी एकटाच बोलत होतो, तेही घाबरल्यामुळं.

ड्रायव्हरनं लांब एक काळा ठिपका दाखवला. मिठागर होतं. तो, मी आणि नाना असे तिघं हळूहळू चालत गेलो. पाऊण तास लागला असेल.

तिथं अगरिया कुटुंब राहत होतं. अगरिया म्हणजे मीठ पिकवणारे. आपल्या रायगड-ठाण्याकडच्या आगरी बांधवांचं नाव आणि हे नाव, दोन्ही 'आगर' शब्दावरूनच. पावसाळा संपला की ही माणसं बायकापोरांसह रणात येतात आणि उन्हाळा लागून मीठ निघेपर्यंत, सात-आठ महिने, तिथंच राहतात. खड्डा खणून समुद्रापेक्षा कितीतरी खारट पाणी वर काढायचं, वाफ्यात सोडायचं, आणि मीठ धरायला लागलं की रोज लाकडी दाताळ्यानं ओढत राहायचं. पूर्वी पंपाला डिझेल लागायचं आणि कमाई त्यातच जायची. आता बऱ्याच जणांकडं सौर पंप आलेत. मिठात उभं राहून राहून पाय असे घट्ट होतात की मेल्यावर चितेत अंग जळतं पण पाय जळत नाहीत, असं तिकडं म्हणतात. आपल्या देशातलं बहुतेक मीठ गुजरातेतून येतं. आणि जी जमीन पिढ्यानपिढ्या कसतात तिचा सातबारा त्यांच्याकडं नाही. सगळं रण कागदावर 'सर्वे नंबर झिरो'. आपल्याला सोसायटीची जमीन नावावर करून घ्यायला किती खेटे घालावे लागले ते आठवा. त्यांच्याकडं घालायला खेटेसुद्धा नाहीत.

झोपडी गोणपाटाची आणि ताडपत्रीची. बाहेर एक निळं पिंप होतं, झाकण घट्ट लावलेलं. घरातल्या बाईनं नानांचा चेहरा पाहिला. कोण, कुठले, काही विचारलं नाही. खाट ओढली, पिंपाचं झाकण काढलं आणि तांब्या भरून नानांच्या हातात दिला. मग दुसरा माझ्या हातात.

मी तांब्या हातात धरून त्या पिंपात पाहिलं. पाणी तळापासून वीतभर राहिलं होतं. घरात पाच माणसं, त्यात दोन लहान पोरं. मी मोडक्या हिंदीत विचारलं, "टँकर कब आता है?" ती म्हणाली, "परसों." परवा!

मंडळी, वीतभर पाणी आणि परवाचा टँकर याचा हिशेब मला आकडेमोड न करता येतो. १९७२ च्या दुष्काळात मी सात वर्षांचा होतो. आमची आई खडी फोडायला जायची. सुकडी आणि मिलो खाऊन आम्ही वाढलो. घरात दोन हंडे पाणी, आणि तेही लांबून आणलेलं. तरी रस्त्यानं जाणारा कुणी दारात आला तर आई आधी पाणी द्यायची, मग विचारायची कुठून आलात. मी एकदा रागावून म्हटलं होतं, "आपल्यालाच पुरत नाही." ती म्हणाली, "पाण्याला नाही म्हणू नये रे." एवढंच. रंगदास स्वामींच्या यात्रेत आपल्या आण्याला हजारो लोक आमटी-भाकरीचा प्रसाद जेवून जातात, कोण कुठला हे कुणी विचारत नाही. त्याच गावची ती बाई होती. ती वळणातच आम्ही वाढलो.

मी दोन घोट घेतले आणि तांब्या परत दिला. तिला वाटलं पाणी आवडलं नाही. मला सांगता येईना.

पुढचं सगळं सोपं झालं. तिच्या नवऱ्यानं फळ्या आणि रिकामी पोती घेतली, शेजारच्या आगरावरच्या दोघांना हाक मारली, आणि अंधार पडायच्या आत जीप बाहेर काढली. मी खिशात हात घातला. त्यानं दोन्ही हात जोडून मागं केले. तिळाचे लाडू मात्र पोरांनी घेतले, आणि "तिळगूळ घ्या, गोड गोड बोला" हे आमच्या सौ.नी त्यांना तिथल्या तिथं पाठ करून घेतलं. निघताना त्या माणसानं माझ्या हातात मिठाचा हा खडा ठेवला. पोरांनो, हातोहात फिरवा, बघा किती स्वच्छ आहे, पण चाटू नका. रात्री साडेआठला आम्ही दसाड्याला पोचलो. दुसऱ्या जीपमधली मंडळी रस्त्यावर उभी होती, कुणाचं कुणाशी बोलणं होईना. नाना ठीक आहेत, समोर बसलेत, मगाशी त्यांनी दोन वेळा बासुंदी घेतली तीही मी पाहिली आहे.

आता मला जे सांगायचंय ते. परतीच्या रेल्वेत मला झोप लागली नाही, आणि कारण रण नव्हतं. कारण आपल्या गेटवरची पाटी होती.

तुम्हाला ती पाटी माहीत आहे. "बाहेरील व्यक्तींना पाणी मिळणार नाही. हुकुमावरून." गेल्या उन्हाळ्याच्या आदल्या उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन एक धनगर कुटुंब रस्त्यानं चाललं होतं. त्यातली एक बाई कडेवर पोर घेऊन गेटवर आली, हंडा भरून मागत होती. वॉचमननं कमिटीला विचारलं. बोअरचं पाणी कमी झालं होतं, सभासदांच्या तक्रारी होत्या. एकाला दिलं की दहा येतील, असं ठरलं, आणि दुसऱ्या दिवशी पाटी लागली. कमिटीला दोष देत नाही, कारण त्या वेळी कमिटीत मी होतो. पाटी लिहिलीही मीच. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून.

ती बाई गेली तेव्हा मी गॅलरीत उभा होतो. आपल्या वरच्या टाकीतलं पाणी भरून वाहत होतं, ते पन्हाळीतून गटारात पडत होतं. तो आवाज मला तेव्हाही ऐकू येत होता.

मंडळी, आपण काही वाईट माणसं नाही. पंचवीस वर्षांपूर्वी पहिली दोन वर्षं आपल्याकडंही टँकर यायचा. रात्री अकराला हंडे घेऊन रांगेत उभं राहत होतो. ए विंगच्या काकूंनी बाळंतीण असलेल्या शेजारणीला आपले दोन हंडे दिले होते, ते आजही इथं लोकांना आठवतं. मग नळ आला, बोअर झाली, टाकी झाली, आणि हळूहळू आपलं बेट कोरडं राहिलं. पाणी आलं आणि मन आटलं, असं व्हायला नको होतं.

माझ्या दोन विनंत्या आहेत. सेक्रेटरी साहेबांनी त्या पुढच्या सभेत विषयपत्रिकेवर घ्याव्यात. एक, टाकी भरली की वाजणारा भोंगा बसवावा. तात्यांनी बाजारात चौकशी केली आहे आणि ज्येष्ठ नागरिक गट त्याचा खर्च करायला तयार आहे. दोन, गेटबाहेर कडुनिंबाखाली एक रांजण आणि जनावरांसाठी एक छोटी कुंडी ठेवावी. रांजण रोज भरायचं काम मी घेतो. दहा लोक आले तर दहा लोक पितील. पाणी खरंच कमी पडलं तर सभेत येऊन सांगेन, लपवणार नाही.

आणि ती पाटी? ती मी लिहिली होती, तेव्हा आज तुमच्या परवानगीनं मीच काढतो. स्क्रू-ड्रायव्हर खिशात आणलाय.

ज्या पोरानं मला विचारलं होतं, "सर, तुम्ही गेलाय का तिकडं?", तो आता मोठा झाला असेल, कुठं आहे मला ठाऊक नाही. भेटला तर सांगेन, गेलो होतो बाळा. रण बघितलं, बेटं बघितली, गाढवंही बघितली. त्यातलं एक माझ्याबरोबर परत आलं, ते आज तुमच्यापुढं बोलतंय.

चमचा वाजला. थांबतो.

सोसायटीला पंचवीस वर्षांच्या शुभेच्छा. जय हिंद, जय महाराष्ट्र.